घाटातली घोडी

"जिरगे, कागद काढ," सर म्हणाले.

घोडी अजून पाय झाडत होती. वळणावरचा मुरूम तिच्या खुराखालून सुटला आणि पाठीवरच्या बिऱ्हाडासकट ती रस्त्याकडेच्या चरात गेली. भांडी उतारावरून वाजत खाली गेली. डालग्यातली कोंबडी ओरडत होती. ठकुबाई आणि तिचा मुलगा बिरा दोघंही चरात उतरले आणि कसलेल्या दोऱ्या कोयत्याने तोडू लागले.

"सर, आधी त्यांना हात लावू या," मी म्हटलं.

"त्यांची माणसं आहेत हात लावायला. तू कशाला आली आहेस?"

मी झोळीतून बोर्ड काढला, त्यावर कागद लावला.

सर म्हणजे नरहर कोपर्डेकर. आता हे नाव फारसं कुणी घेत नाही, पण त्या काळी कोल्हापुरात छापचित्रं म्हटलं की त्यांचंच नाव निघायचं. जस्ताच्या पत्र्यावर सुईने कोरायचं, पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा, रेघा खोल झाल्या की त्यांत शाई भरायची आणि वर ओला कागद ठेवून प्रेसच्या रुळाखालून काढायचा, अशी ही विद्या. गावात असला प्रेस एकच होता. तो सरांच्या स्टुडिओत होता आणि स्टुडिओची किल्ली सरांच्या कमरेला होती.

दर वर्षी दिवाळी झाली की सर खांद्याला झोळी लावून निघायचे. कधी आटलेल्या नदीच्या काठाने, कधी बैलबाजारात, कधी दगडाच्या खाणींवर. परतले की पुढचं वर्षभर स्टुडिओत दिवे जळायचे. "घरात बसून रेघ मरते," ते आम्हाला सांगायचे. "तिला चालवावी लागते." त्यांची नावाजलेली सगळी चित्रं अशा भटकंतीतूनच आली होती. पण काही वर्षं झाली, सर जायचे, यायचे आणि नवं काही निघत नव्हतं. सरांचं चिंतन चाललंय, असं लोक म्हणायचे.

त्या वर्षी त्यांनी मला बरोबर यायला सांगितलं. मी पंचविशीत होते, डिप्लोमा संपवून त्यांच्याच हाताखाली काम करत होते. माझे वडील तयार होईनात, तेव्हा काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, स्वतः आमच्या घरी आल्या. "मुलीसारखी सांभाळतील ते हेमाला," त्या म्हणाल्या. वडिलांचं ऐकून घेताना त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत गुंडाळत पार चोळामोळा करून टाकलं होतं. एवढी गळ घालण्याचं कारण मला तेव्हा कळलं नाही.

ते कराडच्या स्टँडवर कळलं. सरांनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता, तरी चहा बशीत आला आणि बशीतून पँटवर. मी पाहतेय हे त्यांनी पाहिलं.

"कधीपासून, सर?"

"बघितलंस ना? आता विसर." त्यांनी कप खाली ठेवला. "मी बघणार, तू काढणार. डोळे माझे, हात तुझा. घरी गेल्यावर त्यावरून पत्रे होतील. आणि यातलं एक अक्षर जरी बाहेर गेलं, तर कोल्हापुरात तुझ्या बोटाला शाई लागणार नाही, याची व्यवस्था मी करीन."

मला राग आला नाही. उलट छाती फुगली. सबंध चित्रशाळेतून सरांनी माझा हात निवडला होता.

पाटणच्या पुढे आम्हाला धनगरांचा वाडा भेटला. वाडा म्हणजे चालता संसार. माणदेशातलं गवत संपलं की मेंढरं, घोडी, कुत्री, पोरंबाळं घेऊन ते घाट उतरून कोकणात जातात. या वाड्याची कारभारीण ठकुबाई. उन्हाने रापलेली, उंच, नवरा वारल्यापासून कळप तिच्याच शब्दावर चालायचा. आम्ही बरोबर चालू का विचारलं, तर म्हणाली, "रस्ता काय माज्या बापाचा हाय व्हय? चला की."

त्या चालण्यात सरांनी मला जे शिकवलं ते मी आजवर विसरलेले नाही. एरवी वर्गात चार शब्द बोलणारा माणूस, पण रस्त्याला लागला की बोलायला लागायचा. "मेंढरं काढू नकोस. मेंढरांच्या मधली जागा काढ, मेंढरं आपोआप येतील." "घोंगडं काळं नाही. नीट बघ, त्यात मातीचा रंग आहे." "थांब, ती वाकली की पाठीला कुठे वजन येतं बघ, तिथून सुरू कर." त्यांचं बघणं असं होतं की, आपण आजपर्यंत डोळे मिटून हिंडत होतो असं वाटावं. माझे कागद भरत होते आणि सर रोज थोडे तरुण होत होते. संध्याकाळी तळ पडला की ते कागद पसरून बसायचे आणि पुढच्या सबंध चित्रमालिकेबद्दल बोलायचे. त्यात माझं नाव कुठे नसायचं. मला तसं अपेक्षितही नव्हतं.

एका संध्याकाळी जेवताना सरांना भाकरी मोडता येईना. तुकडा बोटांतून निसटून मातीत पडला, पुन्हा घेतला, पुन्हा पडला. ठकुबाई चुलीपाशी होती. ती उठली, सरांच्या पुढ्यात बसली, त्यांच्या भाकरीचे बारके तुकडे करून दुधात कुस्करले आणि थाळी पुढे सरकवली.

"माज्या सासऱ्याचा हात असाच हालायचा," ती सहज म्हणाली. "त्यास्नी मीच चारायची. खावा, लाजू नगा."

चुलीभोवती सगळा वाडा बसला होता. सरांनी थाळी हाताने बाजूला लोटली. दूध कुत्र्याने चाटलं. त्यानंतर सर ठकुबाईशी एक शब्द बोलले नाहीत. ती मात्र दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "तुमचं सर उपाशी झोपलं. त्यास्नी गूळ दे जरा, तो मोडाय लागत न्हाई."

आणि मग घाटाच्या तोंडाशी घोडी पडली.

चंद्री तिचं नाव. म्हातारी झाली होती, पण बिऱ्हाड तिच्याशिवाय कुणाच्या पाठीवर ठेवायचं नाही असा ठकुबाईचा हट्ट होता. बिऱ्याला दात आले तेव्हापासून तो तिच्या पाठीवर वाढला होता. तिचा पुढचा पाय गुडघ्याखाली मोडून उलटा वळला होता. हाड बाहेर आलं होतं. ओझं काढल्यावर तिने दोनदा उठायचा प्रयत्न केला, मग मान टाकली आणि नाकपुड्या फुगवून श्वास घेत राहिली.

बाकीच्यांना थांबता येत नव्हतं. मेंढरं वळणावर दाटली होती, खालून ट्रक वर येत होते. सामान दुसऱ्या घोड्यांवर वाटून वाडा पुढे निघाला. बिरा मागे राहिला. त्याच्या हातात कुऱ्हाड होती.

"आये, तू चल. मी करतू काय ते."

"थांब," ठकुबाई म्हणाली. "मेंढरांच्या घुंगरांचा आवाज आईकती ती. त्यो जाऊ दे लांब. मग कर."

घोडीचे कान खरंच हलत होते. कळप खाली उतरत होता तसे ते त्या बाजूला वळत होते. बिरा दगडावर बसला. ठकुबाई घोडीच्या मानेशी मांडी घालून बसली आणि तिच्या कपाळावरून हात फिरवू लागली.

सर माझ्या मागे उभे राहिले. "मानेपासून घे," ते हळू म्हणाले. "शीर बघ गळ्याची. बरगड्या मोजू नकोस, त्या उचलल्या जातात तेवढंच पकड. डोळा शेवटी." त्यांचा आवाज कापत होता, आनंदाने. मी काढत गेले. चांगलं येत होतं. ते किती चांगलं येतंय हे मला कळत होतं आणि समोर काय आहे हेही कळत होतं.

घुंगरांचा आवाज बारीक झाला. मग नाहीसाच झाला. घोडीचे कान पडले. बिरा उठला.

"अजून थांब," सर म्हणाले.

बिऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं.

"आमचं झालेलं नाही. ऊन आता बरोबर आलंय तिच्या पोटावर. थोडं थांब."

शहरातला, चष्मा घातलेला, मास्तर माणूस. बिरा कुऱ्हाड घेऊन तसाच उभा राहिला. घोडीने एक आवाज काढला. खिंकाळणं नव्हतं ते. घशात काहीतरी अडकल्यासारखा, माणसाच्या कण्हण्यासारखा आवाज. मग पुन्हा काढला.

"मास्तर, जनावराचा जीव अडकलाय," ठकुबाई म्हणाली.

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग काय? जाणारच आहे तो. थोडा उशिरा जाईल."

ठकुबाईने खांद्यावरचं घोंगडं काढलं, झटकलं आणि घोडीवर पसरलं. मोडका पाय, पोट, बरगड्या, सगळं झाकून टाकलं. नुसतं तोंड बाहेर ठेवलं.

"ते काढा," सर म्हणाले.

"माजं चित्तर काढा पायजे तेवढं. हिचं नगा."

"बाई, ते घोंगडं काढा. दिसत नाही काही."

तिने घोंगड्याची कड घोडीच्या अंगाखाली खोचायला सुरुवात केली. तेव्हा सर चरात उतरले. त्यांनी घोंगड्याचं दुसरं टोक धरलं आणि ओढलं. ठकुबाईने आपलं टोक सोडलं नाही. ती बसलेली होती, ती ओढली गेली, घोडीच्या मानेवर आडवी झाली, तरी तिने टोक सोडलं नाही. थोडा वेळ असं दोन्हीकडून ताणलेलं घोंगडं घोडीच्या वर तंबूसारखं उभं राहिलं.

मी तेवढ्यात खालचा कोरा कागद वर घेतला.

शेवटी बिरा मध्ये पडला. त्याने सरांना हात लावला नाही, नुसता त्यांच्या आणि घोडीच्या मध्ये येऊन उभा राहिला. "व्हा बाजूला," तो म्हणाला. सर झाले बाजूला. ठकुबाईने घोंगडं घोडीच्या डोक्यावर ओढून घेतलं. पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं.

निघताना मी तिच्याजवळ गेले. काय बोलणार होते मलाही माहीत नव्हतं. तिने मान वर केली.

"तुजं झालं काढून?"

"झालं."

"मग जा आता."

एसटीत सर खिडकीशी बसले आणि कराड येईपर्यंत गुणगुणत होते. माझे कागद मांडीवर घेऊन एकेक पाहत होते. "बऱ्याच दिवसांनी असं काही हाताला लागलं," ते म्हणाले. त्यांच्या मांडीवर सगळे कागद होते, एक सोडून. तो मी झोळीच्या तळाशी, कपड्यांमध्ये ठेवला होता.

कोल्हापुरात आल्यावर सरांनी घोडीचा पत्रा करायला घेतला. दार बंद करून बसायचे. सुई जस्तावर टेकली की टकटक असा आवाज बाहेर यायचा, जणू आत घड्याळ आहे. पत्रे बिघडत गेले. मग त्यांनी मला बोलावलं आणि माझ्याकडून करून घेतला. शेजारी बसून सांगायचे, मी कोरायची. झाला तो पत्रा, पण त्यात घोडी नुसती मेलेली होती. सरांनाही ते दिसत होतं. "तुझ्या हातात जीव नाही," ते म्हणाले. "हमालाचा हात आहे." असं ते रोज म्हणू लागले, आणि दुसऱ्या विद्यार्थ्यांसमोर म्हणू लागले. एकदा तर माझा हात मनगटाला धरून सगळ्यांना दाखवला. "हा बघा. यावर मी विसंबलो."

मी माझा पत्रा रविवारी करत होते. रविवारी सर स्टुडिओत यायचे नाहीत आणि सफाईसाठी किल्ली माझ्याकडे असायची. तो झाला त्या दुपारी मी पहिली प्रत काढायला बसले. शाई भरून, फडक्याने पुसून, पत्रा प्रेसवर ठेवला आणि दारात सर उभे.

"कुणाचा पत्रा?"

"माझा."

ते जवळ आले, वाकून पाहिलं. पत्र्यावर चित्र उलटं असतं, शाईने माखलेलं असतं, चटकन उमगत नाही. "घाल," ते म्हणाले. "बघू तरी."

मी कागद ठेवला, वरून प्रेसचं लोकरी ब्लँकेट ओढलं, चाक फिरवलं. कागद कोपऱ्याने धरून उचलला आणि टेबलावर ठेवला.

खाली घोडी. तिच्या मानेवर आडवी झालेली ठकुबाई, मुठीत घोंगड्याचं टोक. मधे ताणलेलं घोंगडं. आणि चित्राच्या कडेने आत आलेला एक हात, नुसता कोपरापर्यंत, ते दुसरं टोक ओढणारा. माणूस चित्राबाहेर होता. मी तो हात एका रेघेत काढला नव्हता. एकावर एक बारीक रेघा होत्या, जवळजवळ, बोटांच्या भोवती. तो हात थरथरत होता.

सर बराच वेळ पाहत राहिले.

"हा हात कुणाचा?"

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"कुणाचा हात आहे, जिरगे?"

"तुमचा."

"एवढा हलतो?"

"हो, सर."

त्यांनी मान डोलावली, एखाद्या विद्यार्थ्याचं उत्तर बरोबर आल्यावर डोलवावी तशी. मग ओली प्रत उचलली आणि फाडली. उभी, मग आडवी, मग पुन्हा उभी. तुकडे ॲसिडच्या घमेल्यात टाकले.

"पत्रा दे."

मी दिला नाही. त्यांनी तो प्रेसवरून उचलला. भिंतीला पोलादी हत्यारं टांगलेली होती, त्यातलं तीन धारांचं खरवडायचं हत्यार घेतलं. आमच्यात एक रीत आहे. ठरलेल्या प्रती छापून झाल्या की पत्र्यावर एक आडवी रेघ ओढून तो रद्द करायचा, म्हणजे पुन्हा कुणी त्यावरून छापू नये. सरांनी पत्रा टेबलावर ठेवला, डाव्या हाताने दाबून धरला आणि वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत हत्यार ओढलं. अंगातलं सगळं बळ लावून, एकदाच. जस्त किंचाळलं.

त्यांचा हात तेव्हा हलला नाही. मी पाहत होते. काडीएवढाही हलला नाही.

"आवृत्ती संपली," ते म्हणाले. "किल्ली टेबलावर ठेव आणि जा."

मी किल्ली ठेवली. पण ते पायऱ्या उतरून गेल्यावर आधी दाराला आतून कडी लावली. त्यांनी काय करून ठेवलंय ते मला बघायचं होतं. पत्र्यात पुन्हा शाई भरली, पुसला, कागद घातला, चाक फिरवलं.

ती रेघ हाताच्या मुठीतून निघाली होती. घोंगड्याच्या ताणलेल्या कडेवरून, ठकुबाईच्या पाठीवरून, घोडीच्या गळ्यावरून कागद ओलांडून गेली होती. जस्ताच्या कडा उपसून निघाल्यामुळे तिला दोन्ही बाजूंनी मखमलीसारखा काळा काठ आला होता. माझ्या चित्रात ओढाताण होती, पण ती मी दाखवलेली होती. आता ती नुसती दिसत होती. त्या एका रेघेने सगळं चित्र ताणून धरलं होतं.

चित्र त्या क्षणी पूर्ण झालं होतं. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. सरांनी पत्रा नासवला असता तर मला एवढं रडू आलं नसतं.

कोल्हापुरात मला काम मिळालं नाही. सर शब्दाचे पक्के होते. तो पत्रा बरोबर घेऊन मी बडोद्याला गेले, तिथे एका सामाईक स्टुडिओत जागा मिळाली, पुढे मुंबईला आले. त्या पत्र्यावरून मी प्रती काढल्या आणि चित्राला नाव दिलं 'ओढ'. माझं नाव त्या चित्रावरूनच झालं. जो येई तो त्या रेघेबद्दल बोले. एवढं बारीक काम केल्यावर अशी रेघ ओढायची हिंमत कशी झाली, असं विचारी. मी हसून टाळायची. नंतर कितीतरी पत्र्यांवर मी तशी रेघ ओढून पाहिली. भंगारात टाकायच्या पत्र्यांवरसुद्धा पाहिली. आली नाही.

काही वर्षांनी कोल्हापुरात माझं प्रदर्शन लागलं. उद्घाटनाला दालन भरलं होतं. माझे जुने सोबती होते, नवे विद्यार्थी होते. भाषणं सुरू होणार तेवढ्यात दारात गलका थांबला. सर आले होते. निवृत्त झाल्यापासून ते कुठे जात नसत. अंगावर शाल होती, दोन्ही हात शालीच्या आत. बरोबर काकू. लोक बाजूला झाले. मी पुढे होऊन वाकले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते सरळ 'ओढ'पुढे जाऊन उभे राहिले.

संयोजक लगबगीने गेले. "सर, तुमची विद्यार्थिनी. दोन शब्द बोला."

"दोन कशाला," सर वळून म्हणाले. आवाज अजून तसाच होता, मागच्या बाकापर्यंत जाणारा. "एकच सांगतो. या सबंध भिंतीवर एकच रेघ जिवंत आहे. ही." त्यांनी हनुवटीने चित्राकडे खूण केली. "आणि ती जिरगेची नाही. माझी आहे. विचारा तिला."

दालनातले सगळे माझ्याकडे वळले. कुणीतरी हसलं, सर थट्टा करताहेत असं वाटून.

"सर खरं सांगताहेत," मी म्हटलं. "ती रेघ त्यांचीच आहे."

सरांनी मान डोलावली.

"म्हणून मला वाटतं, या चित्रावर त्यांचीही सही हवी."

टाळ्या पडल्या. लोकांना ते फार आवडलं. शिष्येने गुरूचा मान ठेवला. टेबलावर 'ओढ'च्या काही सुट्या प्रती होत्या, सही न केलेल्या. आम्ही चित्राखालच्या समासात पेन्सिलीने सही करतो. मी एक प्रत घेतली, टेबलाच्या कडेला सरकवली आणि माझी पेन्सिल सरांपुढे धरली.

"हेमा, नको," काकू अगदी हळू म्हणाल्या. त्या माझ्या शेजारीच होत्या. मला स्वच्छ ऐकू आलं.

मी पेन्सिल धरून ठेवली.

सरांना नाही म्हणता आलं असतं. चष्मा आणला नाही म्हणता आलं असतं. पण टाळ्या चालू होत्या, आणि त्यांनी आत्ताच सगळ्यांसमोर ती रेघ आपली म्हटली होती. शालीतून त्यांचा उजवा हात बाहेर आला. इतक्या वर्षांत तो फार वाळला होता. त्यांनी पेन्सिल घेतली. दुसऱ्या हाताने मनगट दाबून धरलं, पण आता दोन्ही हात हलत होते. टोक कागदावर टेकलं आणि टकटक वाजू लागलं.

टाळ्या थांबल्या.

ते 'न' या अक्षरासाठी झगडत होते. पेन्सिल उडत होती, टेकत होती, पुन्हा उडत होती. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने त्यांच्या हाताकडे पाहिलं. मग मान वर करून भिंतीवरच्या चित्रातल्या हाताकडे पाहिलं. मग पुन्हा खाली. तिच्या शेजारच्याने तिची नजर पाहिली आणि त्यानेही तसंच पाहिलं. असं ते एकाकडून दुसऱ्याकडे सगळ्या दालनात गेलं. सरांनी मान वर केली तेव्हा सगळे चित्राकडे पाहत होते, आणि त्यांना ते समजलं.

काकूंनी त्यांच्या बोटांतून पेन्सिल काढून घेतली आणि माझ्या हातात न देता टेबलावर ठेवली. "चला," त्या म्हणाल्या. त्यांच्यासाठी लोकांनी वाट करून दिली. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले नाही. पेन्सिल उचलली, दुसरी प्रत पुढे ओढली आणि माझं नाव लिहिलं. मग तिसरी घेतली.

सर पुढच्या पावसाळ्यात गेले. मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"मी चारायची त्यांना," त्या म्हणाल्या. "दार लावून, दोघंच असताना. कुणाला माहीत नव्हतं. त्या दिवसानंतर चारून घेणं सोडलं त्यांनी. स्वतःच्या हाताने जेवढं तोंडात जाईल तेवढंच. किती जाणार?"

मी ग्लास खाली ठेवला.

"तुला जाब विचारायचा म्हणून नाही सांगत," त्या म्हणाल्या. "तुला माहीत असावं, एवढंच."

ती प्रत माझ्याकडे आहे. मुंबईच्या घरी, कामाच्या टेबलासमोर लावली आहे. चित्राखाली, समासाच्या डाव्या बाजूला, पेन्सिलीचे ठिपके आहेत. काही गडद, काही पुसट, मुंग्या चालून गेल्यासारखे. नवे विद्यार्थी येतात, जवळ जाऊन बघतात आणि हे काय आहे म्हणून विचारतात.

"काही नाही," मी सांगते. "डाग पडलेत."

खोडरबर फिरवलं तर क्षणात जातील. मी अजून फिरवलेलं नाही.